टोपलीचं उत्तर

आम्हाला शिकवायला बाहेरून कोणी आलं की मी आधी खिडकीजवळची खुर्ची पकडते. निदान बाहेर तरी बघता येतं. कोणीतरी कडक इस्त्रीचा सदरा घालून येतो, पडद्यावर हसऱ्या मुलांची चित्रं दाखवतो, आम्हा चष्मेवाल्या बायाबापड्यांना गोल करून उभं करतो आणि ‘मी बदलू शकते’ असं मोठ्याने म्हणायला लावतो. मग चहा. जेवणानंतरच्या तासाला पेंगणाऱ्या, चिमटे काढणाऱ्या, बाहीला नाक पुसणाऱ्या पोरांना या गृहस्थाने जन्मात कधी अपूर्णांक शिकवलेत का, हे विचारायची सोय नसते. विचारलं की आपण नकारात्मक ठरतो. मी बऱ्याचदा ठरलेली आहे.

म्हणून या वर्षी आम्ही काही जणांनी ठरवलं, बाहेरचा कोणी नको. एकमेकांच्या वर्गात बसू आणि एकमेकांकडूनच शिकू. कल्पना धाकटीची. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. आम्ही एका घरात नांदतो आणि एकाच शाळेत नोकरी करतो, ती विज्ञान शिकवते, मी गणित. घरी ती मला ताई म्हणते, शाळेत बाई. घरी माझ्या हातचं बिघडलेलं ती मुकाट्याने खाते, आणि शाळेत माझ्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसायला तीच आली, कारण वेळापत्रकात तिचा आणि माझा मोकळा तास नेमका उलटसुलट जुळत होता.

नियम सोपा होता. मागे बसणाऱ्याने ‘छान’ म्हणायचं नाही, ‘वाईट’ म्हणायचं नाही. जे डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगायचं. मुलांची नावं घेऊन निवाडा करायचा नाही. नंतर शिकवणाऱ्याने त्याचं काय करायचं ते करावं.

पहिल्या तासानंतर धाकटी म्हणाली, “बाई, तुम्ही प्रश्न विचारलात आणि कोणी तोंड उघडायच्या आत उत्तरही तुम्हीच दिलंत. तासभर असंच चाललं होतं.”

“तासभर?”

“मुलं फक्त ‘हो’ म्हणत होती.”

त्या संध्याकाळी मी भांडी जरा जास्तच जोरात लावली. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, “कोणाचं काय बिनसलंय?” धाकटी म्हणाली, “काही नाही, नियमाप्रमाणे चाललंय.”

पण खोटं का बोलू, ती म्हणत होती ते खरं होतं. केस पांढरे व्हायला लागले तरी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तपासणीला येणारे फळ्यावरची तारीख बघून जायचे. मी दुसऱ्या दिवसापासून प्रश्न विचारला की ओठ दाताखाली धरून उभी राहायला लागले. वर्गात शांतता पसरायची, ती शांतता अंगावर यायची. मग कुठून तरी एक हात वर यायचा. कधीच न बोललेल्या पोराचा. मला त्याचा आवाजच माहीत नव्हता. बरीच वर्षं मी माझाच आवाज ऐकत आले होते, हे कळल्यावर राग आला आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं, विचारू नका.

‘आजची चूक’ हे त्याच्या पुढचं पाऊल. ते सुचलं चित्रकलेच्या सरांना. आम्ही दर बुधवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत उंच स्टुलांवर बसायचो, त्यात एकदा ते म्हणाले, “माझ्याकडे पोरं चुकलेल्या रेघेतून माकड काढतात. तुमच्याकडे रेघ चुकली की पोराचंच माकड करता.” सगळे हसले, मी सोडून. पण डोक्यात राहिलं. मग आम्ही ठरवलं, रोज एक चुकलेलं उत्तर निवडायचं, नाव न घेता फळ्यावर लिहायचं आणि वर्गाला विचारायचं, की एखादं शहाणं मूल या वाटेने का गेलं असेल?

जादू झाल्यासारखं झालं. पोरं चुकायला घाबरेनात. माझ्या वर्गात प्रत्येकाकडे एक छोटी पाटी होती, प्रश्न विचारला की सगळ्यांनी उत्तर लिहून पाटी वर धरायची. आधी पाट्या छातीशी धरलेल्या असायच्या, आता डोक्याच्या वर. मी वर्गभर फिरून चूक निवडायचे, बाजारात वांगी निवडावीत तशी, देठ बघून, वजन बघून. बुधवारी प्रयोगशाळेत आल्या आल्या आम्ही एकमेकांना विचारायचो, “काय आणलंस?” धाकटीच्या वर्गात एका पोराने लिहिलं होतं की सावली रात्री जमिनीत मुरते. त्यावर आम्ही अर्धा तास बोललो. मला त्या सावलीचा हेवा वाटला. गणितात असं काही येत नाही, नुसते हातचे विसरतात.

आणि मग आली टोपली.

माझ्या सहावीच्या वर्गात एक पोर आहे, तिला सगळे खोडरबर म्हणतात. लिहिते आणि खोडते, लिहिते आणि खोडते, कागद फाटेपर्यंत. मी विचारलं होतं, एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती? उत्तर पाच छेद सहा. खोडरबरच्या पाटीवर होतं दोन छेद पाच. वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. ही चूक जगातली सगळी पोरं करतात, मी पुढे जाणारच होते. पण थांबायची सवय लागली होती, म्हणून थांबले.

“कसं आलं गं हे?”

ती इतक्या हळू बोलली की पुढच्या बाकावरचे मागे वळले. “टोपलीत चेंडू टाकला. दोनदा टाकला, एकदा पडला. मग परत तीनदा टाकला, एकदा पडला. म्हणजे पाचदा टाकला आणि दोनदा पडला.”

मी खडू हातात धरून उभी राहिले. तिचा हिशेब बरोबर होता. पाचदा टाकला, दोनदा पडला, यात खोटं काय आहे? आणि तरी बेरीज चुकीची. मला त्या क्षणी का चुकीची हे सांगता येईना. नियम येत होता, पाठ होता, झोपेतून उठवलं तरी म्हटला असता. पण टोपली का चालत नाही, ते सांगता येईना. मी म्हटलं, “वा. फार सुंदर चूक आहे. टाळ्या वाजवा.” आणि वर्गाने वाजवल्या.

बुधवारी मी ती चूक प्रयोगशाळेत मांडली. चित्रकलेचे सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “पण दोन छेद पाच तर अर्ध्याहून कमी झालं. अर्ध्यात काहीतरी घातलं आणि अर्ध्याहून कमी झालं?” धाकटी म्हणाली, “बेरजेत अर्धं आणि तृतीयांश एकाच वस्तूचं असतं. तिच्याकडे अर्धं दोन चेंडूंचं आहे आणि तृतीयांश तीन चेंडूंचं.” मला हायसं वाटलं. इतकी वर्षं शिकवून मला हे आज कळत होतं, तेही जावेकडून. पण कळत होतं. त्या दिवशी आम्ही सगळे इतके खूश होतो की दिवे न लावता बसलो होतो.

मोठ्या बाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. बाई वाईट नाहीत. त्यांच्या डोक्यावर इमारत आहे, पालक आहेत, गळणारा नळ आहे आणि निकाल आहे. त्यांनी मला बाहेर बोलावलं.

“बाई, तुमची ती खोडणारी मुलगी. तिला खालच्या खोलीत पाठवायचा विचार होता.”

खालची खोली म्हणजे तयारी वर्ग. जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीला लागून. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यातून नुसते पाय दिसतात. ज्यांना गणित झेपत नाही त्यांना तिथे पाठवतात, तयारी झाली की वर आणू म्हणून. तिथले सर फळ्यावर रीत लिहितात, पोरं उतरवून घेतात.

“मागच्या परीक्षेत तिचं काही खरं नव्हतं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण आत्ता आत तुम्ही सगळे तिच्याबद्दल बोलत होता ते ऐकलं. म्हणजे विचार करते की मुलगी. मग वर ठेवायची का खाली पाठवायची ते तुम्हीच सांगा. शुक्रवारी शाळा सुटायच्या आत. मला पक्कं उत्तर द्या, तिला येतंय की येत नाहीये.”

मी म्हटलं, “येतंय.” त्या म्हणाल्या, “आत्ता नको. नीट बघून शुक्रवारी सांगा.”

दुसऱ्या दिवशी गुरुवार. धाकटी माझ्या तासाला मागे बसली. अपूर्णांकच चालू होते. पाट्या वर गेल्या आणि इतक्या चुका, इतक्या तऱ्हेच्या चुका, की कोणती निवडू असं झालं. तास झकास झाला. खोडरबरची पाटी शेवटी वर आली, तिच्यावर सगळं पुसट होतं, मला वाचताच आलं नाही.

मधल्या सुट्टीत आम्ही जिन्याच्या वळणावर उभ्या होतो. धाकटी नेहमीसारखी पटकन बोलेना.

“बोल की.”

“बाई, जे दिसलं ते सांगते. मुलं आधी पाटीवर बरोबर उत्तर लिहितात.”

“मग?”

“मग ते हाताने पुसतात. आणि चुकीचं लिहितात.”

मी हसले. मला वाटलं गंमत करतेय.

“माझ्या पुढे दोन मुलगे होते,” ती म्हणाली. “एक दुसऱ्याला म्हणाला, तू वरच्या आकड्याची चूक घे, मी खालच्या आकड्याची घेतो. दुसरा म्हणाला, खालची काल झाली, ती बाई आज घेणार नाहीत. मग पलीकडची मुलगी म्हणाली, मी गुणाकार करते, तो अजून कोणी केला नाही.”

जिन्यातून पोरं धडाधड खाली पळत होती. मी भिंतीला टेकले.

“सगळे?”

“बरेच.”

“बरेच म्हणजे कोण कोण नाही? कोणाला खरंच येत नाहीये?”

“नावं घ्यायची नाहीत.”

“अगं, नियम गेला खड्ड्यात.”

“नियम तुम्हीच लिहिलाय,” धाकटी म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, “ताई, तुम्हाला खोडरबरचं विचारायचंय ना. ती लिहिते, पुसते, लिहिते, पुसते. काय पुसते ते मला दिसलं नाही. ती पाटीवर ओणवी असते. खरंच नाही दिसलं.”

आता सांगा. वर्गभर मुलं बरोबर उत्तर पुसून चुकीचं लिहीत होती, कारण बाईंना चूक आवडते. पूर्वी बाईंना बरोबर उत्तर आवडायचं, तेव्हा ती शेजारच्याचं बघून बरोबर लिहायची. आता बाईंची आवड बदलली, तर त्यांनी माल बदलला. मग माझ्या त्या गोड शांततेत, ओठ दाताखाली धरून उभं राहण्यात, नक्की घडत काय होतं? आणि ज्या कोणाला खरंच येत नव्हतं, ते या सगळ्या नकली चुकांच्या गर्दीत किती आरामात लपून बसलं होतं. मी त्यालाही वा म्हटलं असणार. टाळ्या वाजवल्या असणार.

घरी गेल्यावर मी धाकटीशी भांडले. तिच्याशी नाही तर कोणाशी भांडू.

“तुझ्या सावलीचं काय मग?” मी म्हटलं. “ते पोरगंही नाटक करत असेल.”

“असेल.”

“असेल म्हणजे?”

“म्हणजे मलाही माहीत नाही. पण ताई, मुद्दाम चूक करायला बरोबर काय ते माहीत लागतं ना? गुणाकार अजून कोणी केला नाही, हे ओळखायला किती कळावं लागतं.”

“म्हणजे चांगलंच चाललंय म्हणायचं?”

“मी ‘चांगलं’ म्हणतच नाही. नियम आहे.”

सासूबाई मधल्या खोलीतून म्हणाल्या, “तुम्ही दोघी मास्तरणी पगार शाळेचा घेता आणि शाळा इथे भरवता.” त्यावर आमचे हे आणि दीर दोघेही पेपराआड हसले. मला कोणाचंच हसू सहन होत नव्हतं. मला एवढंच हवं होतं की कोणीतरी म्हणावं, तिला येतंय, किंवा म्हणावं, येत नाहीये. आणि यातलं मला काय ऐकायचंय, तेही कळत नव्हतं. टोपली तिने मुद्दाम केली असेल तर पोर हुशार आहे, वर राहील, आणि मी एका सहावीतल्या मुलीकडून उल्लू बनले. टोपली खरी असेल तर तो विचार तिचा स्वतःचा, सोन्यासारखा, आणि तिला बेरीज येत नाही. मग खाली.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत मी खोडरबरला वर्गात थांबवून घेतलं. बाकीचे बाहेर गेले. ती बाकाच्या कडेला बसली, अर्धी आत अर्धी बाहेर, म्हणजे केव्हाही पळता येईल.

“एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती?” मी विचारलं.

मी थांबले. थांबायला मी शिकले होते ना.

मग ती म्हणाली, “टोपलीचं की पुस्तकातलं?”

“पुस्तकातलं.”

“खाली सहा येतं.”

“आणि वर?”

“वर काय येतं ते येत नाही. कधी पाच येतं, कधी दोन.”

“आणि टोपलीचं तू मुद्दाम केलंस का? मी चूक निवडावी म्हणून?”

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला विचारल्याची लाज वाटली. “नाही बाई. मला तसंच वाटलं होतं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला वाटलं बरोबर आलं. तुम्ही तर आधीच म्हणाला होतात, चूक आहे. पण सुंदर आहे.”

“मग?”

“घरी बाबांनी विचारलं, आज काय झालं. मी म्हटलं, माझी चूक पहिली आली. ते म्हणाले म्हणजे काय. मला सांगता आलं नाही.”

बाहेर मैदानावर कोणीतरी कोणाचं तरी नाव मोठ्याने ओरडत होतं. मी तिच्या शेजारच्या बाकावर बसले.

“आता इतर मुलं मुद्दाम चुकतात, तुला माहितीये?”

“हो. ते मला विचारतात, तुला कशी सुचते म्हणून.”

“तू काय सांगतेस?”

“मी सांगते, मला मुद्दाम नाही येत.” ती थोडी हसली, मग हसणं गिळलं. “बाई, मी खालच्या खोलीत जाऊ का?”

हे मला अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, “तुला कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. खाली सांगतात ना, कसं करायचं ते. इथे तुम्ही विचारता फक्त. तुला काय वाटतं, तुला काय वाटतं. मला काहीतरी वाटतं, पण ते चूकच असतं. मग सगळे त्याच्यावर बोलतात. बरोबर कसं ते तुम्ही सगळ्यात शेवटी सांगता, तेव्हा घंटा होते.”

मी काय बोलणार होते? की बाळ, तुझं स्वतःचं शोधणं महत्त्वाचं आहे? कडक इस्त्रीचा सदरा घालून बोलले असते तर शोभलं असतं.

“खाली कसं असतं तुला काय माहीत?”

“दादा होता तिथे. तो म्हणायचा, सर सगळं लिहून देतात.”

“आता कितवीत आहे दादा?”

“आता नाही येत शाळेत. गॅरेजमध्ये आहे.” मग तिला वाटलं मला काही गैरसमज झाला, म्हणून घाईने म्हणाली, “पण त्याला पाढे येतात, बाई. सगळे येतात.”

शाळा सुटायच्या जरा आधी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्या फोनवर नळवाल्याला झापत होत्या. फोन ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “बोला. येतंय की नाही?”

“माहीत नाही.”

“बाई.”

“खरंच माहीत नाही. तिला जे येतं ते मला या आठवड्यापर्यंत येत नव्हतं. आणि मला जे येतं ते तिला येत नाही. बाकीच्या वर्गाला काय येतं तेही आता मला सांगता येणार नाही.”

“हे मी कुठे लिहू?” मोठ्या बाई म्हणाल्या. “तुमच्या बुधवारच्या गप्पांना मी परवानगी दिली. पालक विचारतात, वर्गात चुकांचं कौतुक करतात म्हणे. मी सांभाळून घेतलं. आता तुम्ही म्हणता माहीत नाही.”

“ती वर राहील.”

“का?”

“कारण खाली गेलेलं मूल परत वर आलेलं मी पाहिलेलं नाही. तुम्ही पाहिलंय?”

खिडकीखालून मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, घरघर, आणि टेबलावरची पेन्सिल थोडी सरकली.

“एवढंच मला नक्की माहीत आहे,” मी म्हटलं. “तिला खाली जायचंय, हेही सांगते. तिनेच विचारलं. तरी पाठवणार नाही.”

“म्हणजे मुलीचंही ऐकायचं नाही. आणि तिला वर ठेवून करणार काय?”

“सांगीन.”

“काय सांगणार?”

“बेरीज कशी करायची ते. तेवढंच तर मागतेय ती.”

“आणि तुमचा तो बुधवार? तिथे तर मुलांना सरळ उत्तर सांगणाऱ्याला फाडून खातात असं ऐकलं.”

“बुधवारी भांडू.”

मोठ्या बाईंनी चष्मा परत लावला. “चाचणीपर्यंत ठेवा,” त्या म्हणाल्या. “त्यानंतर मी तुम्हाला विचारणार नाही.” म्हणजे जीवदान मिळालं की फाशीची तारीख पुढे गेली, कोणास ठाऊक. बाहेर आले तर धाकटी पायरीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बरोबर केलंत की चूक, मी सांगणार नाही.” मी म्हटलं, “गप्प बस आणि चल.” पण वाटेत तिने माझी पिशवी घेतली.

सोमवारी मी वर्गात गेले आणि पाट्या काढू नका म्हटलं. फळ्याकडे वळले आणि सांगायला लागले. सरळ, पूर्वीसारखं, पण पूर्वीसारखं भरधाव नाही. अर्धी भाकरी आणि तृतीयांश भाकरी, भाकरी एकच. तिचे सहा तुकडे करू, म्हणजे दोघांनाही पुरतील. अर्ध्याचे तीन तुकडे, तृतीयांशाचे दोन, पाच झाले. टोपलीत चेंडू वेगळे वेगळे होते, इथे भाकरी एकच आहे, म्हणून टोपली इथे चालणार नाही. तीन छेद सहा, दोन छेद सहा, पाच छेद सहा. सगळं लिहिलं. मागच्या बाकावर धाकटी बसली होती, तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

मी वळले. वर्ग माझ्याकडे बघत नव्हता. सगळा वर्ग फळ्याकडे बघत होता, डोळे बारीक करून, एकेक ओळ चाचपत.

एक हात वर आला. “बाई, यात चूक कुठे आहे?”

“नाहीये.”

“सांगू नका, सांगू नका,” दुसरा म्हणाला. “आम्ही शोधतो.”

“अरे, नाहीये चूक.”

“खाली सहा आणि सहा मिळवले नाहीत बाईंनी,” पलीकडची म्हणाली.

“ती नाही, ती फार सोपी आहे. बाई अशी सोपी ठेवणार नाहीत.”

“भाकरीत असेल. भाकरी गोल असते, तिचे सहा सारखे तुकडे होतातच कुठे?”

“शांत बसा,” मी म्हटलं. “हे बरोबर आहे. उतरवून घ्या.” कोणीही पेन उचललं नाही. ते समजूतदारपणे हसले, मोठी माणसं लहानांच्या लपाछपीला हसतात तसे.

मी खोडरबरकडे पाहिलं. ती एकटीच लिहीत होती. तिने शेवटची ओळ उतरवली आणि मान वर केली. तिच्या कपाळावर आठी होती.

“बाई,” ती म्हणाली, “हे बरोबर आहे, की तुम्हाला आवडलंय?”

“बरोबर आहे.”

“नक्की?”

मागे धाकटी पुढे वाकून बसली. मी म्हणणार होते, नक्की. तोंड उघडलंही होतं. पण मी वळले, खडूचं बोट फळ्यावर ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून एकेक पायरी तपासत खाली यायला लागले.